समुपदेशनातला उपदेश

संपादक मंडळाचा निरोप व्हॉट्सॲपवर आला. "आयुष्यभर व्यसनमुक्तीचं शिकवलंस. तुझ्या विषयाचा इतिहास सोप्या भाषेत चार पानांत लिही." खाली जोडलेले दोन हात. शाळेत इतिहासाच्या पेपरात मी कायम काठावर पास होणारी. सर स्नेहमेळाव्याला येणार आहेत असे कळले आहे, म्हणून सनावळी नीट तपासून लिहिते. बाकी चुकले तर सरांनी नेहमीसारखे तांबड्या शाईने गोल करावे.

माझ्यापुरता हा इतिहास आपल्याच शाळेच्या सभागृहात, ऑक्टोबर १९७८ मध्ये सुरू होतो. आपण दहावीत होतो. गांधी जयंतीपासून आठवडाभर दारूबंदी सप्ताह असायचा. प्रभातफेरी, निबंध, आणि शेवटच्या दिवशी वक्तृत्व स्पर्धा. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी होऊन तेव्हा थोडीच वर्षे झाली होती, त्यामुळे या सप्ताहाला आपल्याकडे जरा जास्तच वजन होते. मोहाचा सडवा मात्र नाल्याकाठी पुरलेला असायचा आणि तो कुठे आहे हे पोलिसांपासून पोरांपर्यंत सगळ्यांना ठाऊक असायचे.

माझे भाषण मराठीच्या बाईंनी लिहून दिले होते. फार चांगले होते. 'एकच प्याला'तल्या सुधाकर-सिंधूने सुरुवात, मग संतांची नावे, मग संसाराची राखरांगोळी. पण टाळ्यांसाठी मी त्यात माझ्या मनाने एक भर घातली, ती बाईंना माहीत नव्हती. मी एका दारुड्याची नक्कल केली. संध्याकाळी जिनातून सुटल्यावर तो माणूस सायकलवर बसायचा नाही. दोन्ही हातांनी हँडल धरून सायकलीच्या आधाराने चालायचा आणि वाटेत सायकलीशीच बोलायचा. सारे गाव त्याला ओळखायचे. सभागृह हसून लोटपोट झाले. पहिला नंबर आला. बक्षीस म्हणून नाव कोरलेला स्टीलचा पेला मिळाला.

त्या माणसाचा मुलगा आपल्याच वर्गात होता. मागून दुसऱ्या रांगेत बसला होता. नंतर आठ दिवस तो शाळेत आला नाही. मग आला, परीक्षा दिली, पास झाला. पण माझ्याशी शाळा सुटेपर्यंत बोलला नाही. तुमच्यापैकी अनेकांना तो कोण हे आत्ताच कळले असेल. हे मी त्याला विचारून लिहिते आहे, ते पुढे येईलच.

आता इतिहास. आपल्याकडे दारूविरुद्ध बोलण्याची परंपरा मोठी आणि मानाची आहे. महात्मा फुले पुणे नगरपालिकेचे सभासद होते, तेव्हा १८८० साली त्यांनी शहरात दारूच्या दुकानांना मोकळीक देण्याविरुद्ध लेखी तक्रार केली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुण्यात दारूच्या गुत्त्यांपुढे निदर्शने झाली. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. तो नाव बदलून आजही महाराष्ट्रात लागू आहे आणि कागदोपत्री पिणाऱ्याला परवाना लागतो. ज्यांच्या घरी बाटली आहे त्यांनी तो काढला आहे का, हे स्नेहमेळाव्यात कुणी कुणाला विचारू नये. आपल्या विदर्भात गाडगेबाबा आणि तुकडोजी महाराज यांनी तर गावेच्या गावे हलवली. गाडगेबाबांबद्दल एक गोष्ट मला फार उशिरा उमगली. बाबा कीर्तनात सांगत कमी आणि विचारत जास्त. समोरच्या माणसांना प्रश्न टाकायचे, उत्तर त्यांच्याच तोंडून काढायचे, आणि मग त्या उत्तरावर पुढचा प्रश्न. आम्ही भाषणे करणाऱ्यांनी त्यांची विषयपत्रिका उचलली, पद्धत तशीच सोडून दिली.

१९८४ मध्ये मी एम.एस.डब्ल्यू.साठी मुंबईला, देवनारला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत गेले. त्या सुमारास मुंबईत ब्राऊन शुगर, म्हणजे गर्द, वस्त्यावस्त्यांत शिरला होता. चांदीच्या कागदावर पूड, खाली काडी, वर नळी. चांगल्या घरची पोरे सहा महिन्यांत ओळखू येईनाशी व्हायची. १९८५ मध्ये अमली पदार्थविरोधी एन.डी.पी.एस. कायदा झाला. पुण्यात अनिल अवचटांनी गर्दवर लिहिले, आणि त्यातून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांच्या मदतीने २९ ऑगस्ट १९८६ ला येरवड्याला 'मुक्तांगण' सुरू झाले. ते उभे केले ते डॉ. अनिता अवचटांनी. तिकडे मद्रासला शांती रंगनाथन यांनी, पती दारूच्या आजाराने गेल्यावर, १९८० मध्येच टी. टी. रंगनाथन यांच्या नावाने उपचार संस्था काढली होती. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभा मोठ्या शहरांतून भरत होत्या. तोपर्यंत दारुड्याला दोनच ठिकाणे ठाऊक होती, पोलीस चौकी आणि वेड्यांचे इस्पितळ. 'हा आजार आहे' हे वाक्य मराठीत मोठ्याने बोलले जायला खरी सुरुवात या काळात झाली.

पण आजार म्हटले तरी आमची वागणूक बदलली नव्हती. १९८६ मध्ये मी मुंबईतल्या एका केंद्रात नोकरीला लागले. तिथे आम्हाला शिकवले गेले ते असे: व्यसनी माणूस खोटे बोलतो, स्वतःशीही बोलतो, त्याचा नकार फोडल्याशिवाय उपचार सुरूच होत नाही, त्याला तळ गाठू द्या. हे विचार अमेरिकेतून आले होते. कॅलिफोर्नियात १९५८ मध्ये सिनॅनॉन नावाची वसाहत निघाली. तिथे गोल करून बसायचे आणि एकाला मध्ये घेऊन सगळ्यांनी शब्दांनी सोलून काढायचे, हाच उपचार. पुढे त्या वसाहतीचे फार वाईट झाले, पण ती रीत जगभर पसरली. आपल्याकडेही कुठे टक्कल करायचे, कुठे गळ्यात पाटी घालायचे. आमच्या केंद्रात तेवढे नव्हते. आमच्याकडे फक्त बोलणे होते, आणि बोलण्यात मी पहिल्या नंबरची.

एक विशीतला मुलगा होता. तिसऱ्यांदा दाखल झालेला. आठवडाभर घेतले नाही म्हणाला, आणि त्याच्या खिशात कागद सापडला. मी त्याला आईसमोर उभा केला आणि अर्धा तास बोलले. काय बोलले ते आजही शब्दशः आठवते, पण लिहीत नाही. तो शांतपणे ऐकत होता. शेवटी म्हणाला, "ताई, हे सगळं मला रोज रात्री मीच सांगतो." दुसऱ्या दिवशी तो केंद्रातून गेला आणि परत आला नाही. आमच्या साप्ताहिक बैठकीत नोंद झाली, 'रुग्णाला बरे होण्याची इच्छा नाही.' ती नोंद माझ्या हस्ताक्षरात आहे.

१९८९ मध्ये लग्नानंतर नागपूरला आले आणि समाजकार्य महाविद्यालयात शिकवू लागले. व्यसन-समुपदेशन असा पेपर तेव्हा नव्हता. मानसिक आरोग्याच्या पेपरात एक प्रकरण, त्यात दारूला दोन तास. पुस्तक मराठीत नाही, मग मी नोट्स काढायला घेतल्या आणि पहिल्याच पानावर अडले. कौन्सेलिंगला आपला शब्द समुपदेशन. त्याच्या पोटात 'उपदेश' बसलेला! विद्यार्थ्यांना मी सांगायची की समुपदेशन म्हणजे उपदेश नव्हे, आणि मागच्या बाकावरून हमखास कुणीतरी विचारायचा, "मग शब्दात काहून आहे, मॅडम?" याचे समाधानकारक उत्तर मला चौतीस वर्षांच्या नोकरीत सापडले नाही. शब्द बदलायचे बोलून पाहिले. 'सल्ला' म्हणजे वकिलाचा, 'संवाद' फारच सैल. शेवटी शब्द राहू दिला आणि उपदेश काढायच्या मागे लागले.

त्या कामी ज्याचा उपयोग झाला तो माणूस विल्यम मिलर. न्यू मेक्सिकोतला मानसशास्त्राचा प्राध्यापक. १९८२ मध्ये तो नॉर्वेला गेला होता. तिथल्या तरुण मानसशास्त्रज्ञांनी त्याला रुग्णाशी बोलून दाखवायला सांगितले, आणि मध्येच थांबवून विचारत राहिले: हाच प्रश्न का? आत्ता गप्प का राहिलात? उत्तरे देताना त्याच्या ध्यानात आले की आपण जे करतो ते आपल्या पुस्तकांत लिहिलेलेच नाही. आपण समोरच्याला पटवत नाही, त्याच्याच तोंडून बदलाची कारणे बाहेर येतील असे बघतो. १९८३ मध्ये त्याने ते लेखात मांडले, १९९१ मध्ये स्टीफन रोलनिकबरोबर पुस्तक आले. मला गाडगेबाबा आठवले ते हे वाचताना.

पण मला हलवले ते त्याच्या १९९३ च्या एका लेखाने. झेरॉक्स नीट न आलेली, कडेची अक्षरे कापलेली. जास्त पिणाऱ्या लोकांशी समुपदेशकांच्या झालेल्या बैठका ध्वनिमुद्रित केल्या होत्या आणि समुपदेशकाचे एकेक वाक्य मोजले होते. समुपदेशक जितका अंगावर गेला, जितका वाद घातला, तितके ते माणूस वर्षभरानंतर जास्त पीत होते. ते पान हातात धरून मी वाचनालयात किती वेळ बसले होते कोण जाणे. डोळ्यांपुढे दोनच जण होते. खिशात कागद सापडलेला तो मुलगा, आणि सायकलीला धरून चालणारा माणूस.

शास्त्राच्या बाजूने म्हणायचे तर अंगावर न जाणे म्हणजे गोड बोलणे नव्हे. ब्रिटनमध्ये ग्रिफिथ एडवर्ड्स आणि मिल्टन ग्रॉस यांनी १९७६ मध्ये दारूच्या अवलंबित्वाची लक्षणे पहिल्यांदा नीट मांडली. सहनशक्ती वाढते, सकाळी हात कापतात, ते थांबवायला पुन्हा घोट लागतो, सोडल्यावर परत सुरू केली तर महिनोन्‌महिन्यांचे काम थोड्या दिवसांत पुसले जाते. हे सगळे शरीरात घडते. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. म्हणून "मनावर घेतलं की सुटते" हे वाक्य वर्गात कुणी उच्चारले की मी फळ्यावर फुली मारायची. आणि ज्या माणसाची सुटते त्याचे मन काही वेगळ्या मातीचे नसते, हेही तिथेच सांगायची.

माझे पीएच.डी.चे काम दारू पिणाऱ्यांच्या बायकांवर होते. वर्धा आणि यवतमाळ जिल्ह्यांतल्या गावांत फिरून मुलाखती घेतल्या. इथे मला 'एकच प्याला'शी भांडण काढावे लागले. गडकऱ्यांवर माझा लोभ आहे. सावनेरला, आपल्या नागपूर जिल्ह्यात, ते गेले, आणि सुधाकर शपथ घेऊन पुन्हा कसा घसरतो ते त्यांनी मानसशास्त्राची पुस्तके येण्याआधी दाखवले. पण दळण दळून सोसत राहणारी सिंधू आपल्या बायकांच्या डोक्यात फार खोल गेली आहे. मला भेटलेल्या बायकांपैकी पुष्कळ जणींनी नवऱ्याच्या पिण्याचा दोष स्वतःच्या पदरात घेतला होता. कुणी भिंतीवरची 'न कळता दारू सोडवा' ही जाहिरात वाचून भाजीत गोळी मिसळली होती. त्यात बहुधा डायसल्फिराम असते. ती पोटात असताना माणूस प्याला तर त्याच्या जिवावर बेतू शकते. एकीने मला विचारले, "मॅडम, त्याईले गोळी देता, माह्या झोपेची कोणती देता?" माझ्या प्रबंधाची सगळी प्रकरणे त्या प्रश्नाभोवती फिरतात.

संशोधनातली एक गंमत सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ मध्ये दहा प्रश्नांची 'ऑडिट' नावाची प्रश्नावली काढली. पिणे कितपत धोक्याचे आहे हे तिच्यातून कळते. त्यात 'एका बसण्यात किती ड्रिंक' असे विचारायचे असते, आणि एक ड्रिंक म्हणजे साधारण १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. आमचे विद्यार्थी गावात विचारायचे, "भाऊ, किती घेता?" उत्तर ठरलेले, "एकच." एक म्हणजे काय? एक पव्वा. १८० मिलीलिटरच्या विदेशी दारूच्या पव्व्यात जवळजवळ ६० ग्रॅम अल्कोहोल भरते, म्हणजे सहा ड्रिंक. त्याच प्रश्नावलीत पुढे सहा किंवा जास्त ड्रिंक किती वेळा होतात हे धोक्याची खूण म्हणून विचारले आहे. 'एकच'वाला तिथे आधीच पोहोचलेला. आणि मोहाची तर मोजायचीच सोय नाही. प्लास्टिकच्या पिशवीत किती आणि केवढी कडक, हे गाळणाऱ्यालाही सांगता येत नाही.

दारूबंदीबद्दल माझे मत काय, असे आपल्या ग्रुपवर दोनदा विचारून झाले आहे. गडचिरोलीत १९९३ मध्ये बंदी झाली, चंद्रपुरात २०१५ ला झाली आणि २०२१ ला उठली, आपल्याकडची कायम आहे. बायकांनी ती मागितली, त्यासाठी त्या पायी चालल्या, म्हणून मी बंदीच्या विरोधात बोलत नाही. पण बंदी करणाऱ्या सरकारने ज्याची दारू तोडली त्याला सकाळी हात कापताना कुठे न्यायचे, हेही सांगितले पाहिजे. २०१९ मध्ये दिल्लीच्या एम्सने केलेला देशाचा सर्व्हे प्रसिद्ध झाला. दारूवर अवलंबून असलेल्या दर ३८ जणांमध्ये एकालाच कुठलाही उपचार मिळतो, असे त्यात आहे. उरलेल्या ३७ जणांना आपण भाषणे देतो.

मला अलीकडे सगळ्यात आशा दिली ती गोव्याने. 'संगत' या संस्थेने तिथल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला, तो 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. घातक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांशी, कुठलीही मानसशास्त्राची पदवी नसलेल्या पण नीट शिकवून तयार केलेल्या स्थानिक लोकांनी जास्तीत जास्त चार वेळा बोलायचे. तीन महिन्यांनी त्यांच्यातले ३६ टक्के धोक्याच्या पातळीखाली आले. नुसत्या सुधारित नेहमीच्या उपचारात हे प्रमाण २६ टक्के होते. फरक दहा टक्क्यांचा. आमच्या काही सहकाऱ्यांना तो किरकोळ वाटला. मला नाही वाटला. शिवाय घरातल्या मारहाणीत फरक पडला नाही, हेही त्यांनी लपवले नाही. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत मी आशाताईंना हेच शिकवत होते. पहिल्या दिवशी एकच सराव: समोरच्याचे बोलणे पाच मिनिटे ऐकायचे, एकही सल्ला द्यायचा नाही. फार थोड्या जणींना पहिल्या झटक्यात जमायचे. मलाही जमायला बरीच वर्षे गेली होती.

२०२३ मध्ये निवृत्त झाले. या स्मरणिकेसाठी निरोप आला तेव्हा मी ग्रुपवरून त्याचा नंबर काढला आणि फोन केला. पंचेचाळीस वर्षांनी. मी भाषणाचे बोलले, माफी मागितली. पलीकडे बराच वेळ काही नाही. मग म्हणाला, "बाबाईले पानठेल्यावर कळलं होतं त्याच दिवशी. घरी आले तं काही बोलले नाही. त्या रात्री रोजच्याहून जास्त पेले. तुह्यामुळं म्हणत नाही मी."

मी गप्प राहिले. शिकवलेले कामी आले म्हणा.

मग त्याने मला कधीच माहीत नसलेली गोष्ट सांगितली. त्याच्या आधी दोन वर्षे, १९७६ मध्ये, बाबांनी अकरा महिने दारू सोडली होती. कुठल्याही केंद्राशिवाय, गोळीशिवाय. सकाळी जिनात जाताना सायकलवर बसून जायचे आणि संध्याकाळी सायकलवर बसूनच यायचे. मुलाला पुढच्या दांडीवर घेऊन एकदा सेवाग्रामला नेऊन आणले होते. "अकरा महिने कसे काढले, ते एकानंही विचारलं नाही त्याईले," तो म्हणाला. "मीही नाही." बाबा १९८३ मध्ये गेले.

एखाद्याने मध्ये काही काळ सोडली असेल तर तो काळ कसा काढला हे आधी विचारा, हा माझ्या अभ्यासक्रमातल्या दुसऱ्या आठवड्याचा धडा होता. तीस वर्षे शिकवला.

हे लिहू का, असे मी विचारले. "नाव नको टाकू. बाकी लिहून टाक. बाबाईचं कोणी चांगलं लिहिलंच नाही कधी; सायकलवर बसून यायचे, ते लिहिजो." मग थोडे थांबून म्हणाला, "तो पेला आहे का वं अजून?"

आहे. आईने जपून ठेवला होता, आता माझ्या स्वयंपाकघरात आहे. काठाला एक पोचा आला आहे, नाव मात्र वाचता येते. स्नेहमेळाव्याला घेऊन ये म्हणाला, त्यातून चहा पिऊ. आणते आहे.